बहरीनच्या जमिनीवर सिगरेट नाही

सिगरेट कशी सोडावी या विषयावर मी गेल्या हिवाळ्यात बऱ्याच अधिकाराने बोलत असे. मी स्वतः सिगरेट कधी ओढलेली नाही, त्यामुळे माझ्या ज्ञानात अनुभवाची भेसळ नव्हती. जे होतं ते सगळं वाचलेलं, अधोरेखित केलेलं आणि पाठ केलेलं होतं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा सातवी शिकले आणि मालवणकडच्या आमच्या गावातून ड्रायव्हर म्हणून बहरीनला आले. आई दहावीच्या गणितापाशी थांबली. त्यामुळे इंग्रजी अक्षर असलेला कुठलाही कागद घरात आला की तो माझ्यासमोर ठेवला जातो. विजेचं बिल असो, व्हिसाचा अर्ज असो की खोकल्याच्या औषधाची बाटली, वाक्य एकच असतं : "तू शिकलंस मा? मग बघ." मी बघते. कळलं नाही तरी बघते, कारण न कळल्याचं सांगायला लागणारा धीर मला कॉलेजने अजून दिलेला नाही.

बाबांच्या पायाचा अंगठाही असाच माझ्याकडे आला.

उजव्या पायाच्या अंगठ्याला नखाशेजारी दिवाळीत एक जखम झाली होती. ती महिना उलटला तरी भरेना. आईने हळद लावली, मग दुसऱ्या दुकानातली हळद लावली. अंगठा थंड पडायचा, जांभळा दिसायचा. बस धुऊन घरापर्यंत चालत यायचं तर बाबा मध्ये दोनदा थांबून पोटरी दाबायचे आणि आम्ही बघतोय असं दिसलं की मोबाइल काढून वेळ बघितल्यासारखं करायचे. शेवटी मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरबाई केरळकडच्या. त्यांची हिंदी आणि बाबांची हिंदी यांची उंची सारखीच होती, म्हणून संभाषण छान झालं.

"सिगरेट पीता है?"

"थोड़ा थोड़ा."

"थोड़ा मतलब?"

"दो पाकीट."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि पुढचं सगळं मला इंग्रजीत सांगितलं. पायातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होत चालल्या आहेत. हा आजार तंबाखूवर जगतो. तंबाखू पूर्ण बंद केली तर पाय वाचतो. दिवसाला एक ओढली तरी आजार चालू राहतो, मग बोट जातं, मग पुढचं. निकोटीनचं च्युइंगम किंवा पट्टीसुद्धा या आजारात नको. मी ते एकेक वाक्य मालवणीत बाबांना सांगितलं. उजवा पाय, मी म्हटलं. बस चालवणाऱ्या माणसाचा उजवा पाय. ब्रेकही त्याचाच आणि ॲक्सिलरेटरही त्याचाच.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि डॉक्टरबाईंना विचारलं, "धीरे धीरे बंद करेगा तो?"

"एकदम. ज़ीरो."

"इंशाल्ला."

"इंशाल्ला बाद में. पहले ज़ीरो."

बातमी पसरली आणि आमच्या घरी सल्ल्यांची रांग लागली. सिगरेट सोडण्याबद्दल ज्याला काही माहीत नाही असा माणूस बहरीनमध्ये मला तरी भेटला नाही. गॅरेजमधले कोल्हापूरकडचे मेकॅनिककाका म्हणाले, "सिगरेट सोडा आणि शीशा ओढा, म्हणजे आपला हुक्का. त्यात पाणी असतंय. धूर धुऊन येतोय." मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला भेटलेल्या बँकेतल्या एका पुण्याच्या साहेबांनी मनोनिग्रहावर मला उभ्याने व्याख्यान दिलं. त्यांनी स्वतः चार वेळा सिगरेट सोडली होती, म्हणजे अनुभव दांडगा. पाचव्यांदा सोडायची तर आधी ओढायला हवी, म्हणून ते मधेच बाहेर जाऊन आले.

या सगळ्यांवर मी मनातल्या मनात हसले. माझ्याकडे शास्त्र होतं. कॉलेजात त्या सत्रात आम्हाला माणसाच्या वर्तनाबद्दलचा एक विषय होता आणि सवय कशी मोडावी यावर एक संपूर्ण प्रकरण होतं. मी एक तक्ता केला. रंगीत. वर "धूम्रपानमुक्तीचा आराखडा" असं लिहिलं आणि खाली रकाने : वेळ, ठिकाण, त्या वेळची भावना, तलफेची तीव्रता एक ते दहा. तो फ्रिजला चिकटवला, एक लहान प्रत बाबांच्या खिशात दिली. सवय कुठे लागते ते कळलं की ती तिथेच तोडायची, असं ते प्रकरण सांगत होतं.

बाबांनी तक्ता अतिशय मनापासून भरला. त्यांनी आयुष्यात एवढं लिहिलं नसेल. भावनेच्या रकान्यात : "बरी." "बरी." "बरी." "टायर पंक्चर." "बरी." तीव्रतेच्या रकान्यात प्रत्येक ठिकाणी "होय."

पण आकडे उतरत होते. चाळीसवरून पंचवीस, पंचवीसवरून बारा, दहाव्या दिवशी सहा. मी रोज रात्रीच्या जेवणाआधी बेरीज करत असे आणि मला स्वतःबद्दल जे वाटायचं ते लिहायलाही आता संकोच वाटतो. अकराव्या दिवशी आईने शर्ट धुवायला घेतला, नाकाशी नेला आणि तसाच माझ्या हातात दिला.

"हो सहा सिगरेटींचो वास?"

बाबा जेवत होते. त्यांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याचं काहीच नव्हतं. "माझ्यो सहाच. बाकीच्यो तेंच्यो."

"तेंच्यो म्हणजे?"

"थय उभो रवलंय की कोणतरी पाकीट पुढे करता. नाय कसा म्हणतलंय? ती तेची सिगरेट. माझ्या कागदावर तेची कशी लिवू?"

इथे बाबांचं काम सांगायला हवं. सकाळच्या पाळीची माणसं कामगारांच्या कॅम्पवरून सित्रातल्या कारखान्याच्या गेटपाशी सोडायची आणि रात्रपाळीची माणसं बाहेर यायची वाट बघायची. कागदावर ही वाट अर्ध्या तासाची. प्रत्यक्षात दीड तास, कधी दोन. आतलं काम संपलं नाही तर माणसं सुटत नाहीत. दहा-बारा बसगाड्या ओळीने उभ्या आणि ड्रायव्हर खाली, मुलुखामुलुखाचे. भाषा जुळत नाही, पण पाकीट पुढे करता येतं. तक्त्यात यासाठी रकाना नव्हता.

आराखडा फसला. तो मी सुधारायला घेतला होता, पण तेवढ्यात गावाहून मोठ्या काकांचा फोन आला.

काका बाबांपेक्षा बारा वर्षांनी मोठे. आईने त्यांना सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "तक्तो नि बिक्तो ठेव बाजूक. देवाक गाऱ्हाणा घालूया." आमच्याकडे घरात काही अडलं की ग्रामदेवतेपुढे जाऊन ते रीतसर मांडतात. एक जण मोठ्याने सांगतो, बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरतात, आणि शेवटी देवाला कौल विचारतात. देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे फुलं चिकटवायची. उजवीकडचं पडलं तर देवाने ऐकलं.

अडचण निघाली ती हद्दीची. देव गावाचा. त्याच्या हद्दी ठरलेल्या : अमुक ओहोळ, तमुक वड, पलीकडे दुसऱ्या गावाचा देव. बहरीन त्या हद्दीत कसं बसवायचं? देवळात यावर तासभर चर्चा झाली आणि ती आम्ही इकडे दुपारच्या जेवणाच्या ताटावरून व्हिडिओ कॉलवर ऐकली. शेवटी असं ठरलं की बाबा देवाला विचारून, त्याचा कौल घेऊन परदेशी गेले होते, म्हणजे ते अजून देवाच्या पटावर आहेत. फक्त नवस नेमका बोलायचा. मागे कुणीतरी "दारू सोडतंय" असं मोघम बोललं होतं आणि मग ताडी दारूत धरायची की नाही यावरून गावात दोन तट पडले होते. तशी चूक पुन्हा नको.

गाऱ्हाणं घालणाऱ्या गुरवांनी घसा साफ केला. "बा देवा म्हाराजा, तुझा ह्या लेकरू पोटापाण्यासाठी समुद्रापलीकडे बहरीन देशात जाऊन रवला हा…"

"व्हय म्हाराजा!" देवळातून दहा आवाज आले. आईही म्हणाली. शेजारच्या खोलीत बसून वर्तनाचं प्रकरण वाचणारी मीही, लहान आवाजात.

"तेच्या पायाक दुखणा लागला हा. तर आजपासून बहरीनच्या जमिनीवर तो सिगरेटीक, बिडीक, तंबाखूक शिवाचो नाय, असो तेचो शब्द. ह्यो शब्द पाळून घे आणि तेचो पाय राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

फूल उजवीकडचं पडलं. बाबांनी मोबाइलच्या पडद्याला दोन्ही हात जोडले, डोळे मिटले आणि खिशातलं पाकीट काढून केराच्या डब्यात टाकलं.

आणि सिगरेट सुटली. शर्टाला वास नाही, बोटं पिवळी नाहीत. बाबांनी त्याच आठवड्यात मुकादमाला विचारून सित्राची फेरी सोडली आणि हिद्दची घेतली. हिद्दला बंदराजवळचे कारखाने, रस्ता लांबचा, कुणी आपणहून मागत नाही. आई म्हणाली, "बघलंस? ती सिगरेटवाली संगत सोडूक लांबची फेरी घेतल्यानी." मला थोडं वाईट वाटलं. एवढी मेहनत करून केलेला तक्ता एका फुलाने हरवला होता. पण मग वाटलं, फुलाने हरवलं हे कुणाला माहीत आहे?

त्या विषयाला आम्हाला प्रकल्प सादर करायचा होता. मी उभी राहिले आणि "सहभागी क्रमांक एक" या गृहस्थांची कथा सांगितली. वय सेहेचाळीस, रोज चाळीस सिगरेटी, आराखडा, दहा दिवसांत सहा, आणि नंतर शून्य. उतरती रेघ पडद्यावर फार सुंदर दिसत होती. सहाच्या पुढे ती सरळ खाली जाऊन टेकते, त्या जागी मी "कौटुंबिक आणि सांस्कृतिक आधार" असे शब्द घातले होते. म्हणजे फूल. प्राध्यापकांनी वर्गाला टाळ्या वाजवायला सांगितलं. आता विचार केला तर त्या सगळ्या कथेत पूर्ण खरं होतं ते फक्त वय.

नवसानंतर तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेलो. मी तक्त्याची प्रत घेऊन गेले होते. त्यांनी मोजा काढला आणि त्यांचा चेहरा बदलला. अंगठ्याची जखम होती तशीच होती आणि शेजारचं बोट टोकाला काळसर व्हायला लागलं होतं.

त्या माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, "हे ओढताहेत."

"नाही," मी म्हटलं. "तीन आठवडे एकही नाही. माझ्याकडे नोंद आहे."

"लघवीची एक तपासणी असते. तंबाखू आहे की नाही ते कळतं. करून घेऊ."

आणि मी, जिला साध्या दुकानात सुटे परत मागायला लाज वाटते, ती मी डॉक्टरबाईंना ठामपणे म्हणाले की याची गरज नाही. माझे वडील खोटं बोलत नाहीत. एवढं स्पष्ट इंग्रजी मी तोपर्यंत कधी बोलले नव्हते. डॉक्टरबाईंनी फाइल पुढे ओढली. मग म्हणाल्या, ठीक आहे, गोळ्या बदलते, दोन आठवड्यांनी या, दुखणं वाढलं तर लगेच या.

बाबा टेबलावर पाय लोंबकळत ठेवून बसले होते, आमच्याकडे आळीपाळीने बघत. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणता?"

"काय नाय. गोळी बदलली."

आम्ही दोघी त्यांच्या पायाबद्दल बोललो, त्यांच्या शब्दाबद्दल बोललो, आणि त्यांना कुणी काहीच विचारलं नाही. हे मला फार नंतर सुचलं.

दोन आठवडे पुरे व्हायच्या आधीच ते बोट टोकाला काळं झालं. दुखण्याने बाबा खुर्चीवर पाय खाली सोडून बसायला लागले, आडवं होता येईना. एका शुक्रवारी सकाळी मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. मला बोलायला इतका वेळ लागला की त्यांनीच विचारलं, "काय गो? पैसे होये?"

"बाबा, तुमी सिगरेट ओढतात?"

"होय," बाबा म्हणाले.

इतक्या सहज, जणू मी चहा घेणार का विचारलं होतं. आई स्वयंपाकघरातून पळी घेऊन बाहेर आली. "देवाक शब्द दिलास नि…"

"शब्द मोडूक नाय मी!" बाबांचा आवाज चढला. त्यांना खरोखरच लागलं होतं. "बहरीनच्या जमिनीवर एक झुरको मारूक नाय. चला, दाखवतंय."

आणि ते आम्हाला दाखवायला घेऊन गेले. मेकॅनिककाकांनी गाडी चालवली. हिद्दला कारखान्यांच्या मागे बसगाड्या उभ्या राहतात त्या मोकळ्या जागेत बाबा लंगडत उतरले आणि एका ठिकाणी थांबले. जमिनीतून काळसर खडकांची एक बुटकी ओळ डोकं काढून होती. अर्धी वाळूत पुरलेली, कुणाच्या लक्षातही येणार नाही अशी.

"हयपर्यंत बहरीन," बाबा म्हणाले. मग त्यांनी ती ओळ ओलांडली, पलीकडे उभे राहिले आणि दोन्ही हात पसरले. "ह्यो समुद्र."

चारी बाजूंना गोदामं होती, डांबरी रस्ता होता, दिव्यांचे खांब होते.

"मी इलंय तेवा हय पाणी होता. ह्या खडकार बसान मी गरी टाकलेली आसा. मगे डंपर येवक लागले. वर्षभर माती टाकीत होते. ही जमीन न्हय. भराव हा." ते मेकॅनिककाकांकडे वळले. "काय हो, हय समुद्र होतो का नाय?"

"होता की," मेकॅनिककाका गंभीरपणे म्हणाले. "मी बघितलाय."

म्हणून सित्राची फेरी सोडली होती. सित्रातलं ते गेट अस्सल जमिनीवर होतं. हिद्दला ओळीपलीकडे समुद्र. बाबा रोज बस लावत, शर्ट काढून सीटवर ठेवत, खडकांची ओळ ओलांडत, समुद्रात उभे राहून दहा-बारा सिगरेटी ओढत, हात-तोंड धूत, बडीशेप खात आणि पुन्हा बहरीनला येत. एकदा वाऱ्याने काडी पेटेना म्हणून ते बसच्या आडोशाला गेले होते. बस ओळीच्या अलीकडे होती. तेव्हा त्यांनी पेटवलेली सिगरेट तशीच टाकून दिली होती. हे त्यांनी आम्हाला आवर्जून सांगितलं.

"माका सांगूक नाय तुमी," मी म्हटलं.

"माका विचारलां कोणी?"

आई त्या भरावावर खाली बसली. ती रडत होती की हसत होती, हे सांगणं अवघड होतं. मेकॅनिककाका गाडीशी जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. भराव, खडक, देव, सगळं. त्यांनी फक्त सांगितलं की शेजारचं बोट आता काढावं लागेल, बुधवारी. अंगठा राहतो की नाही, आणि पाऊल राहतं की नाही, हे पुढच्या काही महिन्यांवर आहे. मग बाबांकडे बघून म्हणाल्या, "ज़ीरो. समुंदर में भी ज़ीरो."

गावी काकांना कळलं तेव्हा ते आधी भडकले. मग म्हणाले, "वकील होवक होयो होतो ह्यो." नवस दुरुस्त करायचा ठरलं आणि मसुद्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. तू शिकलंस मा? मी शनिवारी रात्रभर बसून लिहिलं. जमीन, भराव, पूल, होडी, विमान, विमानतळ. सिगरेट, बिडी, शीशा, तपकीर, मिश्री, विजेवरची सिगरेट. स्वतःची, दुसऱ्याची, अर्धी, विझलेली. चौदा कलमं झाली. मला वाटतं, कॉलेजात शिकलेल्या गोष्टींचा मी इतका पुरेपूर उपयोग पूर्वी कधी केला नव्हता.

रविवारी गाऱ्हाणं घातलं गेलं. चौदा वेळा "व्हय म्हाराजा" झालं, शेवटी शेवटी जरा दमून. फुलं लावली. अर्धा तास झाला, एकही पडेना. तास झाला. मग डावीकडचं पडलं. म्हणजे नकार. देवळात कुजबुज सुरू झाली आणि गुरवांनी अर्थ सांगितला : "देव म्हणता, पयलो शब्द तेणी पाळलो हा. दुसरो शब्द मी कित्याक घेऊ?"

देव बाबांच्या बाजूने होता. बाबांच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान दिसलं आणि लगेच गेलं. आता मधे कुणी उरलं नव्हतं. त्यांनी फोन बंद केला आणि माझा मसुदा घडी करून मला परत दिला.

"खलास. आता कोणाक मधी घालू नको," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता : "ती तलफ येता मा, ती किती येळ रवता? तुझ्या पुस्तकात काय म्हणतत?"

"काही मिनटा. दहा म्हणा. मगे जाता, आणि परत येता."

"आणि त्या दहा मिनटांत मी काय करू?"

माझ्या डोक्यात प्रकरणातली यादी उभी राहिली : पाणी प्या, दीर्घ श्वास घ्या, मित्राला फोन करा. मित्रच तर पाकीट पुढे करतात. आणि दीड तास उभं राहणाऱ्या माणसाच्या हातात सिगरेट असली की तो विश्रांती घेतोय असं दिसतं. काहीच नसलं तर तो नुसता उभा असतो.

"माका म्हायत नाय," मी म्हटलं. घरात हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले. बाबांनी मान हलवली. त्यांना राग आला नाही. बरं वाटल्यासारखंच दिसलं.

बुधवारी बोट काढलं. मी जर त्या दिवशी तपासणी करू दिली असती, तर ते राहिलं असतं का? मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. त्या उत्तराचं काय करावं ते मला खूप वेळ कळलं नाही. प्राध्यापकांना मात्र मी जाऊन सांगितलं की सहभागी क्रमांक एक समुद्रात सिगरेट ओढत होते. त्यांनी विचारपूर्वक मान डोलावली आणि म्हणाले की गुण तर देऊन झालेत, पण अभ्यासाच्या मर्यादांमध्ये हे एका वाक्यात घालता येईल.

दवाखान्यातले दिवस बाबांनी भिंतीकडे तोंड करून काढले. घरी आल्यावर ते आईवर ओरडले, पंख्यावर ओरडले, पोहे तिखट म्हणून आणि पोहे अळणी म्हणून ओरडले. तलफ आली की घड्याळ समोर घेऊन बसायचे. दहा मिनिटं सरली की "गेली" म्हणायचे, आणि पुढच्या अर्ध्या तासात पुन्हा घड्याळ घ्यायचे. यात पद्धत म्हणावं असं काही नव्हतं. दीड महिन्यानंतर डॉक्टरबाईंनी तपासणी केली, यावेळी मीच आधी मागितली. तंबाखू नव्हती. अंगठ्याची जखम कडेने आत सरकायला लागली होती. त्यांनी अंगठा बोटाने दाबला आणि सोडला. पांढरी पडलेली जागा हळूहळू, फार हळूहळू, लाल झाली. त्यांनी पुन्हा एकदा दाबून बघितलं.

कंपनीने बाबांना कामावर परत घेतलं तेव्हा माझी परीक्षेआधीची सुट्टी होती. मी म्हटलं, मी येते बसमधून, तिकडे अभ्यास करीन. नको म्हणाले, मग हो म्हणाले. पहिल्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबला तेव्हा मी त्यांच्या पायाकडे बघितलं आणि त्यांनी मला बघताना बघितलं.

"पुढे बघ," ते म्हणाले.

हिद्दला माणसं उतरली. बस रिकामी झाली. बाहेर ड्रायव्हर जमायला लागले, कुणीतरी बाबांना हात केला. बाबांनी हात केला आणि उतरले नाहीत. स्टिअरिंगवर बोटं वाजवली. आरसा पुसला. दुसरा आरसा पुसला. मग घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. मी मागच्या सीटवर बसून परीक्षेची टिपणं पुटपुटत पाठ करत होते.

"ता इंग्लिश बंद कर गो!" बाबा एकदम ओरडले. "काय मघापासना भुणभुण लावलंस! माणसाक बसूक दितंस का नाय?"

बाहेरच्या ड्रायव्हरांनीही वळून बघितलं. मी वही मिटली. बाबा घड्याळाकडे बघत होते, जबडा घट्ट, कपाळाला घाम, आणि वातानुकूलन तर चालू होतं. मिनिटं मीही मोजत होते. सात झाली. आठ.

"गेली?" मी विचारलं.

"गप रव," ते म्हणाले.